ओम्नीच्या सीटखाली निंजाचं इंजिन

पत्र: आमची 2004 ची मारुती ओम्नी शेडमध्ये पडून आहे. इंजिन गेलंय, बॉडी बरी आहे. अपघातात गेलेल्या कावासाकी निंजा 650 बाइकचं इंजिन ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून घेतलं आहे. ते ओम्नीच्या मूळ इंजिनाच्या जागी, सीटखाली बसवायचं आणि मागचा ॲक्सल तोच ठेवायचा असा बेत आहे. घरी वेल्डिंग मशीन आहे, लेथचं काम उद्यमनगरात करून घेईन. एवढ्या गाडीला बाइकचा क्लच टिकेल का? रिव्हर्सचं काय करायचं? मेव्हणा म्हणतो, डिफरन्शियल (मागची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वेल्ड करून टाक, गाडी झकास सरकते. आणि हे आरटीओत पास होईल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही होणार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच उचलून धरलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीच्या मान्यताप्राप्त किटला वाट आहे, बाइकच्या इंजिनाला नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अशा गाडीने रस्त्यावर कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करेल. तेव्हा ही गाडी स्वतःच्या शेतात आणि बंद मैदानावर चालवायची, तिथवर ट्रॉलीवरून न्यायची, एवढं आधी ठरवा. ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणांच्या मार्गावरची, वेळ मोजून होणारी शर्यत) उतरायचं असेल तर आयोजकांना गाडी कोणत्या गटात धरणार हे काम सुरू करण्याआधी विचारा. इंजिनाचं बिल, मूळ बाइकच्या आरसीची प्रत आणि विमा कंपनीने ती सॅल्व्हेजमध्ये (भंगारात) काढल्याचा कागद जपून ठेवा. हे कागद नसतील तर चोरीच्या मालाचा संशय तुमच्यावर येतो.

आता मुद्द्याचं. इंजिन बसेल, फिरेलही. अडचण अशी की दुचाकीत असताना त्याला बऱ्याच गोष्टी आयत्या मिळत होत्या: वळणावर बाइक कलते म्हणून ऑइल जागच्या जागी राहतं, वजन कमी म्हणून क्लच सुखी असतो, मागे जायचं तर पाय आहेत. ओम्नीत यातलं प्रत्येक काम तुम्हाला वेगळं करून द्यावं लागणार. बहुतेकांचा वेळ इंजिन कुठे टांगायचं यात जातो आणि पहिल्याच महिन्यात क्रँकचं बेअरिंग जातं.

इंजिन आडवं न बसवता 90 अंशांत फिरवून बसवा, पुढच्या स्प्रॉकेटचं (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचं) तोंड गाडीच्या मागे येईल असं. निंजाचं स्प्रॉकेट डाव्या बाजूला आहे, म्हणून इंजिनाची डावी बाजू मागे, क्लचची बाजू पुढे, एक्झॉस्ट गाडीच्या डावीकडे आणि थ्रॉटल बॉडी उजवीकडे येते. एक्झॉस्ट ड्रायव्हरपासून लांब जातो, हा फुकटचा फायदा. दिशाही जुळते. बाइकचं स्प्रॉकेट डावीकडून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, आणि साधारण रिअर व्हील ड्राइव्ह गाडीचा प्रोपेलर शाफ्टही (मागच्या ॲक्सलला फिरवणारा लांब दांडा) मागून पाहिलं तर तसाच फिरतो. तरी खात्री करा: मागची चाकं उचला, पिनियनचा फ्लँज (ॲक्सलच्या तोंडाशी प्रोपेलर शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) हाताने त्या दिशेने फिरवा, चाकं पुढे जातात का बघा. फ्रेममधून इंजिन काढलं नसेल तर काढण्याआधी ते किती अंश कललेलं आहे ते अँगल गेजने मोजून लिहून ठेवा. काढलेलं असेल तर तशीच उभी बाइक शोधून मोजा. नव्या जागीही तोच कल हवा, नाहीतर ऑइलच्या काचेतली पातळी खोटं बोलू लागते.

ॲक्सलचं गुणोत्तर कागदावर शोधू नका, मोजा. एक मागचं चाक घट्ट धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पिनियनचा फ्लँज किती फेरे फिरतो ते मोजा. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. ते 5 च्या आसपास आहे असं धरून पुढचा हिशेब देतो, तुमचा आकडा घालून पुन्हा करा. निंजाचं प्रायमरी (क्रँकपासून क्लचपर्यंतचं गुणोत्तर) 2.095, पहिला गिअर 2.438, सहावा 0.852. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट आता नाहीत, त्यामुळे 46/15 हे फायनल (चेनचं) गुणोत्तर निघून जातं आणि त्या जागी ॲक्सलचा 5 येतो. ओम्नीचं 12 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 1.7 मीटर जातं. 8000 आरपीएमला पहिल्या गिअरमध्ये सुमारे 32 किमी, सहाव्यात सुमारे 91 किमी वेग येतो. ऑटोक्रॉससाठी हे हातात मावणारं आहे, आणि 1840 मिमी व्हीलबेसच्या उंच डब्याला याहून जास्त वेग देऊही नये.

क्लचचं उत्तरही याच आकड्यांत दडलंय. मूळ बाइक पहिल्या गिअरमध्ये 8000 ला साधारण 60 किमी जाते, तुमची ओम्नी 32. ड्रायव्हर धरून ओम्नी बाइकच्या सव्वातीनपट जड, पण क्लच पूर्ण धरेपर्यंत तिला गाठायचा वेग जवळपास निम्माच. क्लचमध्ये निघणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गणित मांडून बघा: सपाटीवर एका उठावाची (गाडी जागेवरून निघण्याची) उष्णता बाइकएवढीच येते. म्हणजे क्लच टिकतो, पण तो टिकवतो तुमचा ॲक्सल. टॉप स्पीड वाढवायला कुणी 4 च्या गुणोत्तराचा ॲक्सल सुचवला तर ही उष्णता दीडपटीवर जाईल. चढावर मात्र हे गणित लागू नाही. तिथे क्लचवर बाइकच्या पावणेदोनपट भार येतो, म्हणून चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर मोडा. नव्या फ्रिक्शन प्लेटा टाका, स्प्रिंगा 15 ते 20 टक्के कडक घ्या आणि ऑइल जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए2 दर्जाचंच वापरा. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ओल्या क्लचच्या प्लेटांत शिरली की प्लेटा घसरायला लागतात.

गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर, स्प्रॉकेटच्या जागी, प्रोपेलर शाफ्ट जोडायला फ्लँज बसवायचा आहे. इथे सोपा वाटणारा मार्ग म्हणजे जुन्या स्प्रॉकेटचे दात छाटून त्याला फ्लँज वेल्ड करणं. करू नका. स्प्रॉकेट कडक केलेलं असतं, वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर पडते आणि ती भर वेगात उघडते. पहिल्या गिअरमध्ये या शाफ्टवर सुमारे 325 न्यूटन-मीटर येतात. त्यापेक्षा स्प्रॉकेट घेऊन टूलरूममध्ये जा, आतल्या स्प्लाइनचं (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचांचं) माप घ्यायला लावा आणि ईएन24 (मजबूत मिश्र पोलाद) च्या एकाच गोळ्यातून फ्लँज वायरकटवर कापून घ्या. उद्यमनगराजवळ राहणाऱ्याला हे काम अवघड नाही. स्प्लाइनमध्ये हाताला जाणवेल एवढी खडखड नको. मूळ नट आणि लॉक वॉशर तसेच वापरा, वॉशर दर वेळी नवीन.

बाइकच्या त्या शाफ्टचं बेअरिंग चेनची बाजूची ओढ सोसायला केलेलं आहे, पण चेन शाफ्टला कधी लांबीच्या दिशेने ढकलत नाही. प्रोपेलर शाफ्ट मात्र ढकलू शकतो. पाट्यांच्या स्प्रिंगवर ॲक्सल वर-खाली झाला की फ्लँजपासूनचं अंतर बदलतं, आणि शाफ्टला सरकायला जागा नसेल तर तो धक्का थेट गिअरबॉक्सच्या केसिंगवर बसतो. म्हणून शाफ्टमध्ये सरकता स्प्लाइन हवाच, आणि गाडी चाकांवर, दोन माणसं बसलेली असताना, तो दोन्हीकडे 20 ते 25 मिमी मोकळा हवा. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) कोन सारखे आणि 3 अंशांच्या आत ठेवा. इंजिनाचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर असतील तर कोन आपोआप सारखे येतात. नवा शाफ्ट मूळपेक्षा लांब होणार, कारण बाइकचा गिअरबॉक्स इंजिनातच आहे. लांबी वाढवून आणल्यावर बॅलन्स केल्याशिवाय घेऊ नका. शाफ्टभोवती 40 × 5 मिमी पट्टीची दोन कडी लावा, एक पुढच्या क्रॉसजवळ. तो तुटला तर तुमच्या सीटखालीच नाचणार आहे.

इंजिनासाठी 40 × 40 × 3 मिमी चौकोनी नळीची वेगळी सबफ्रेम करा आणि ती बॉडीच्या मूळ माउंटिंगच्या जागी बोल्टने धरा. पत्र्यावर थेट वेल्ड करू नका. जिथे भोकं नवी पाडाल तिथे आतून-बाहेरून 3 मिमीच्या प्लेटा. बाइकमध्ये इंजिनाची प्रतिक्रिया चेनच्या ओढीतून जात होती, आता ती शाफ्टभोवती पिळ बनून येते, म्हणून माउंटिंग मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना निदान 300 मिमी लांब ठेवा किंवा एक टॉर्क रॉड द्या. नाहीतर पहिल्या उठावाला एक्झॉस्ट फ्लोअरला आपटेल. घरचं आर्क मशीन सबफ्रेमला चालेल, बॉडीच्या पत्र्याला नाही, भोकं पडतील. तिथे 0.8 मिमी तारेचं सीओटू वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) काढा, पेट्रोलची टाकी शेडच्या बाहेर न्या, शेजारी 2 किलोचा एबीसी अग्निशामक ठेवा.

ऑइलबद्दल सविस्तर सांगायला हवं. बाइक वळणावर कलते तेव्हा ऑइलला वाटतं आपण सरळच आहोत, ते इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. कार 0.8 जीच्या (बाजूचा जोर वजनाच्या 0.8 पट) वळणात कलत नाही, ऑइलचा पृष्ठभाग मात्र साधारण 39 अंशांनी तिरका होतो. इंजिन फिरवून बसवल्यामुळे यात एक गंमत आहे. गाडीच्या वळणात ऑइल जिकडे फेकलं जातं ती बाइकची पुढची-मागची दिशा आहे, आणि तिकडचा धक्का या चेंबरला बाइकच्या ब्रेकिंगमुळे थोडाफार परिचयाचा आहे, फक्त वळणात तो जास्त वेळ टिकतो. पण गाडी जोरात ब्रेक मारते किंवा उठते तेव्हा ऑइल क्रँकच्या लांबीच्या दिशेने पळतं, आणि त्या दिशेचा धक्का बाइकमध्ये या इंजिनाने कधी पाहिलेलाच नसतो. वळणाआधी कचकन ब्रेक, हा ऑटोक्रॉसचा रोजचा प्रसंग. नेमका तेव्हा पिकअप (पंपासाठी ऑइल ओढणारं तोंड) उघडा पडतो.

म्हणून चेंबर काढून पिकअपभोवती 2 मिमी पत्र्याची चौकट बसवा. तिच्या भिंतींना आत उघडणाऱ्या, बाहेर न उघडणाऱ्या छोट्या झडपा द्या, गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला निदान एकेक. वरून एक आडवी प्लेट, म्हणजे ऑइल वर उसळून क्रँकपर्यंत जात नाही. पिकअपच्या जाळीखाली मूळ जेवढी फट आहे तेवढीच ठेवा. ऑइल वरच्या खुणेपेक्षा 200 ते 300 मिलिलिटर जास्त चालेल. त्याहून जास्त भरलं तर क्रँक ते फेटून फेस करतो, आणि फेस पंपाला ऑइल म्हणून उपयोगाचा नाही. ऑइल प्रेशरचा खरा गेज लावा आणि त्यासोबत डोळ्यांत भरेल असा लाल दिवा. बाइकचा मूळ इशारा दिवा अगदी शेवटी पेटतो, तोवर बेअरिंगला खरचटलेलं असतं. पहिले दिवस सरळ रेषेत ब्रेक मारत गेज बघा. काटा पडला तर चौकट पुन्हा करा, किंवा पुढच्या वळणासाठी ऑइल दाबाखाली साठवून ठेवणारा ॲक्युम्युलेटर लावा. गेजशिवाय या गाडीला एकही वळण देऊ नये.

रिव्हर्स. बाइकच्या गिअरबॉक्समध्ये तो घालता येत नाही. शाफ्टच्या मध्ये बसणारे रिव्हर्स बॉक्स परदेशात मिळतात, महाग पडतात. घरगुती उपाय असा: पिनियनच्या फ्लँजवर फ्लायव्हीलचा रिंग गिअर बसवायचा आणि त्यात शिरणारी मारुती 800 ची स्टार्टर मोटर ब्रॅकेटवर. बटण दाबलं की स्टार्टरचा गिअर पुढे येतो आणि गाडी चालण्याच्या वेगाने मागे जाते. दिशा चुकली तर वायरी उलटवून भागत नाही. जुन्या धाटणीच्या सिरीज मोटरला प्लस-मायनस बदललं तरी ती त्याच दिशेने फिरते, आणि चुंबकाची मोटर उलटी फिरली तरी तिचा एकदिशा क्लच निसटतो. त्यासाठी स्टार्टरचं तोंड पुढचं मागे करून बसवावं लागतं, तेव्हा ब्रॅकेट पक्का करण्याआधी तपासा. बटणाची वायर न्यूट्रल स्विचमधून घ्या, म्हणजे गिअर लागलेला असताना चालणारच नाही. एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, मोटर त्यासाठी केलेली नाही.

वायरिंग कापून छोटं करण्याचा मोह टाळा. चावी, ईसीयू, मीटर, थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर आणि सगळा वायरिंग सेट एकाच बाइकचा असू द्या. बाइक पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ होता तसाच सरळ उभा बसवा, तो आडवा राहिला तर इंजिन चालू होणारच नाही आणि तुम्ही दोन दिवस पेट्रोल पंप तपासत बसाल. साइड स्टँडचा स्विच स्टँड वर असल्यासारखा जोडा. इंजेक्शनला सुमारे 3 बार दाब लागतो, गेज लावून बघा. रेडिएटर गाडीच्या नाकात, कारचा, पंख्यासकट. लांब पाइपांत हवा अडकते, म्हणून सर्वांत उंच जागी हवा काढायचा निपल द्या. चार्जिंग बेताचं असतं: पंखा, पंप आणि दोन हॅलोजन एकदम लावले तर आयडलला बॅटरी उतरते. एलईडी लावा.

ब्रेकला बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर पेडलला मदत करणारा) असेल तर दोन सिलिंडरांच्या थ्रॉटल बॉडीतून व्हॅक्यूम धडधडत येतो. दोन्हीकडून नळ्या एकत्र करा, एकदिशा व्हॉल्व्ह आणि साधारण 2 लिटरचा डबा मध्ये टाका. पुढे ड्रम असतील तर आधी डिस्क, मग इंजिन. हा क्रम उलटा करू नका.

मेव्हण्यांना नमस्कार सांगा, पण डिफरन्शियल वेल्ड करू नका. मूळ इंजिनाच्या जवळपास दुप्पट, म्हणजे 68 पीएस इथे येतायत, गाडी आखूड, अरुंद आणि उंच आहे. दोन्ही मागची चाकं जखडली की ती आधी वळायला नकार देते आणि मग एकदम मागून फिरते. उंच गाडी आडवी सरकत असताना चाक मऊ मातीत रुतलं तर ती लोळते. हाफ शाफ्टही तुटतात. रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) मात्र हवाच: मुख्य कमान 45 × 2.5 मिमी, बाकी 38 × 2.5 मिमी, सीडीएस (थंड ओढलेल्या, बिनजोडाच्या) नळीची. पाण्याच्या पाइपचा केज हा केज नव्हे. चार पट्ट्यांचा बेल्ट आणि हेल्मेट. इंजिन आणि सीट यांच्यामध्ये 1.2 मिमी पत्र्याची बंद भिंत आणि तिला उष्णतारोधक अस्तर द्या, कारण पेट्रोलची नळी फुटली तर तुम्ही तिच्यावर बसलेले असाल.

पहिल्यांदा चालू करताना स्पार्क प्लग काढून, पंपाचा फ्यूज काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत नुसतं स्टार्टरने फिरवा. मग प्लग लावा आणि 20 मिनिटं आयडल, पाणी-ऑइल गळतं का बघत. गिअर टाकून चाकं हवेत फिरवायची असतील तर स्टँड ॲक्सलखाली लावा, बॉडीखाली नाही. ॲक्सल लोंबकळला की क्रॉसचे कोन बिघडतात आणि नसलेला व्हायब्रेशनचा दोष तुम्ही शोधत बसता. पहिल्या तासाभराच्या चालीनंतर सबफ्रेम, फ्लँज आणि क्रॉसचे सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, ऑइल काढा आणि फिल्टर कापून उघडा. काळसर भुसा दिसला तर तो क्लचचा, स्प्रिंग आणि तुमची डाव्या पायाची सवय तपासा. चकचकीत चपटे कण दिसले तर ते बेअरिंगचे, इंजिन पुन्हा चालू न करता चेंबर उघडा.